मदत हवी आहे: निवृत्तीनंतर नेपाळमध्ये शिकवायला जायचंय, ९०० डॉलर भरू का?

खडूफळा:

नमस्कार मंडळी,

इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं नोकरी करून ३१ मेला निवृत्त झाले. शेवटची चौदा वर्षं सहावी ते आठवीला गणित. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरात आता अशी तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात, ते असो.

२०११ साली आम्ही दोघं यात्रा कंपनीबरोबर मुक्तिनाथला गेलो होतो. बेनीला चहासाठी गाडी थांबली. टपरीवर मालकिणीची मुलगी, नऊ-दहा वर्षांची, फळीवर वही ठेवून भागाकार करत होती. आकडे आपलेच, देवनागरी. ८१६ भागिले ४, उत्तर लिहिलेलं २४. मधलं शून्य खाल्लेलं. आमच्याकडची पोरंही नेमकं तेच खातात. मी काही न बोलता ८१६ मधल्या १ वर बोट ठेवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, खोडलं आणि दोन-चारच्या मध्ये शून्य बसवलं. तिच्या आईनं चहाचे पैसे घेतले नाहीत. एवढंच. पण निवृत्त झाल्यावर तिकडे दोन-तीन महिने शिकवायला जायचं, हे तेव्हापासून डोक्यात आहे. आमचे हे आता नाहीत, मुलगा पुण्यात, घरी कोणाचं अडत नाही.

नेटवर शोधल्यावर एक संस्था सापडली. काठमांडूजवळच्या बालगृहात चार आठवडे 'सेवा', राहणं-जेवण आणि विमानतळावरून आणणं धरून ९०० डॉलर. मी मेल केला तर वीस मिनिटांत उत्तर. कोणता विषय शिकवता हे विचारलं नाही, टी-शर्टचं माप मात्र विचारलं. मुलगा म्हणतो, आई, पैसे देऊन नोकरी करायची ही कुठली पद्धत?

तर असं करणं बरोबर आहे का? हिंदीवर भागेल का? ऑक्टोबरात जायचं म्हणतेय, हवा चांगली असते असं वाचलं. डावा गुडघा शिवनेरी चढताना कुरकुरतो आणि उतरताना बोंबलतो, हेही लक्षात घ्या. आणि मी पूर्ण शाकाहारी आहे.

तिरकस:

मेळघाटात, अक्कलकुव्याला शाळा संपल्या का हो बाई? तिथे फुकट बोलावतील. नेपाळचे फोटो छान येतात हे मान्य.

खडूफळा:

तिरकस, प्रश्न रास्त आहे. नोकरीची पहिली सहा वर्षं अक्कलकुवा तालुक्यातच काढली. मागून घेतलेली नव्हती, नेमणूकच तिथे झाली. फोटो एकही नाही, तेव्हा मोबाइल नव्हते.

पायवाट:

ताई, पैसे भरू नका. आधी हे वाचा.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मी दीड-दोन वर्षं गोरखा जिल्ह्यात घरबांधणीच्या कामावर होतो. त्या भूकंपाचं केंद्र असलेलं बारपाक त्याच जिल्ह्यात. येता-जाता काठमांडूत मुक्काम असायचा, तिथे बालगृहांचा हा धंदा जवळून पाहिला. सगळीच बालगृहं वाईट असं म्हणत नाही. पण धंदा कसा चालतो ते समजून घ्या.

हुम्लासारखे वरचे जिल्हे घ्या, जिथे वर्षानुवर्षं गाडीरस्ता नव्हता. १९९६ ते २००६ माओवादी युद्ध चाललं. पोरांना बंदूकवाले उचलून नेतील या धास्तीनं आईबाप हवालदिल. अशा वेळी दलाल दारात येतो: 'मुलाला शहरात बोर्डिंगमध्ये घालतो, इंग्रजी शिकेल.' (तिकडे खासगी इंग्रजी शाळेला बोर्डिंगच म्हणतात, मग तिथे कोणी राहो न राहो.) घरचे दागिने, जमीन विकून त्याला पैसे देतात. मूल शहरात येतं, कागदोपत्री अनाथ होतं, आणि आईवडील गावाकडे वाट पाहत बसतात. युद्ध संपलं, पण पद्धत राहिली, कारण आता गिऱ्हाईक मिळालं होतं. गिऱ्हाईक म्हणजे आपण. पाहुण्यांच्या फीवर बालगृह चालतं, आणि पाहुणे यावेत म्हणून बालगृहात मुलं लागतात. अशा मुलांपैकी बहुतेकांची आई किंवा वडील, कोणीतरी जिवंत असतं. युनिसेफनंही याबद्दल वारंवार सावध केलंय.

नकाशा उघडून बघा. देशात ७७ जिल्हे, पण बालगृहांची गर्दी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखऱ्याचा कास्की आणि चितवन या पाचांत. पर्यटक जातात तेच हे पाच. अनाथ मुलं काय पर्यटकांचा माग काढत जन्माला येतात?

एकदा एका सहकाऱ्याबरोबर अशा ठिकाणी कपडे पोचवायला गेलो होतो. गेटमध्ये शिरलो आणि पाचेक वर्षांचं पोर धावत येऊन माझ्या गुडघ्याला बिलगलं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. परतताना सहकारी म्हणाला, तुझा भाचा अनोळखी माणसाला असा बिलगतो का? नाही बिलगत. तो आईच्या मागे लपतो. दर महिन्याला नवी 'मिस' येते, लाड करते, रडत निघून जाते. त्यातून ते शिकलेलं असतं.

आता त्या संस्थेला तीन गोष्टी विचारा. माझी पोलीस चारित्र्य पडताळणी लागेल का? मुलांचे पालक कुठे आहेत, आणि त्यांना घरी परत पाठवण्यासाठी तुम्ही काय करता? नेपाळ सरकारच्या समाज कल्याण परिषदेकडे तुमची नोंदणी आहे का? उत्तरं इथे टाका.

आणखी एक. टुरिस्ट व्हिसावर नेपाळात स्वयंसेवा करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. १९५० च्या करारामुळे आपल्याला व्हिसाच लागत नाही, म्हणून हा नियम आपल्याला टोचत नाही. पण जी संस्था डॉलर घेऊन गोऱ्या पोरांना टुरिस्ट व्हिसावर बोलावते, तिचा कायद्याशी संबंध कितपत, ते तुम्हीच ठरवा.

खडूफळा:

विचारलं. पडताळणीबद्दल उत्तर: 'नो प्रॉब्लेम मॅडम, नॉट नेसेसरी.' बाकी दोन प्रश्नांना उत्तरच नाही, पण आठवड्यात बुकिंग केलं तर शंभर डॉलर सूट.

आमच्याकडे शालेय पोषण आहाराच्या तांदळाला चार सह्या लागतात. इथे परक्या बाईला मुलांच्या खोलीत सोडायला एक कागद लागू नये? काल रात्री झोप लागली नाही. पैसे भरत नाहीये.

पण मग जायचंच नाही का? शिकवण्याचं काम खरं असेल अशी जागा कशी शोधायची?

बुटवलकर:

बाई, मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त नऊ वर्षं नेपाळात बुटवलला आहे. जरूर या. फक्त बालगृह नको, काठमांडू नको आणि ऑक्टोबर तर मुळीच नको.

ऑक्टोबरचं आधी सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. आपली घटस्थापना ती इथली दसैंची सुरुवात, आणि दसैं कोजागिरीपर्यंत चालतो. मागोमाग तिहार, म्हणजे आपली दिवाळी, मग छठ. शाळांना मोठ्या सुट्ट्या. हवा सुंदर, हिमालय स्वच्छ आणि वर्गात कुत्रं नाही. स्वयंसेवक येतात, रिकाम्या भिंतीवर फुलपाखरं रंगवतात आणि जातात. माझ्या ओळखीच्या एका शाळेत एकाच भिंतीवर तीन वर्षांत तीन वेळा फुलपाखरं निघाली. छठनंतर या आणि फाल्गुनापर्यंत राहा. चैत्रात वार्षिक परीक्षा, वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला नवं वर्ष. जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हा रस्त्यांचा भरवसा नाही. जुलै २०२४ मध्ये सिमलतालला दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या, त्यात आपले लोकही होते.

जागा म्हणाल तर पाल्पा जिल्हा. बुटवलवरून तिथल्या तानसेनला गाडी चढते. सिद्धबाबाच्या पट्ट्यात वरून दगड येतात, तेवढा टप्पा जीव मुठीत. तानसेन साधारण १३५० मीटरवर, म्हणजे तुमच्या कळसूबाईपेक्षा खालीच, उंची लागण्याचा प्रश्न नाही. गुडघ्याला मात्र पायऱ्या आहेत, अख्खं गावच उतारावर वसलंय.

शाळा सरकारी निवडा, इथे तिला सामुदायिक विद्यालय म्हणतात. मंजूर पदाला 'दरबन्दी' हा शब्द आहे, आणि गणित-विज्ञान-इंग्रजीचे शिक्षक कमी असल्याची ओरड तुमच्याकडच्यासारखीच. २०१५ च्या संविधानानंतर शालेय शिक्षण स्थानिक पालिकांकडे गेलं, म्हणून मुख्याध्यापकाचं पत्र घ्या आणि पालिकेच्या शिक्षण शाखेला कळवलंय ना, हे विचारा. पैसे कोणाला द्यायचे नाहीत. राहायला एखाद्या शिक्षकाच्या घरी खोली मिळते, जेवणाचे रीतसर द्या, त्यात संकोच नको.

एक विनंती. स्वतः वर्ग घेऊ नका. तिथल्या गणिताच्या शिक्षकाबरोबर बसा. तुम्ही शिकवलंत आणि परत गेलात की होतं तिथेच सगळं. मधलं शून्य पोरं कुठे खातात हे तुम्हाला ३२ वर्षांनी कळलंय, ते त्या पोरसवदा मास्तराला दाखवा. पाठ्यक्रम विकास केन्द्राच्या संकेतस्थळावर पुस्तकं मिळतात, सहावी-सातवीची आधीच चाळून या. बऱ्याच शाळा आता गणित इंग्रजीतून शिकवतात, म्हणजे तुमचं सेमी. पाढ्यांना इथे 'दुना' म्हणतात.

भाषेचं म्हणाल तर हिंदी सगळ्यांना समजते, पण सतत हिंदी बोललेली आवडत नाही, विशेषतः शिक्षकांना. पाच-पन्नास वाक्यं शिका. पाट्या तुम्हाला पहिल्या दिवसापासून वाचता येतील, 'औषधि पसल' म्हणजे औषधाचं दुकान. फक्त 'ळ' इथे नाही. माझ्या आडनावात आहे, नऊ वर्षांत कोणाला जमलेला नाही. 'म माछामासु खान्न' एवढं पाठ करा, मग सकाळी नऊला आणि रात्री दाल-भात-तरकारी. दहा ते चार शाळा, मध्ये खाजा, म्हणजे मधल्या वेळचं खाणं. गुन्द्रुक म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, त्याचं आंबट कालवण पहिल्या दिवशी नको वाटेल, पंधराव्या दिवशी मागून घ्याल.

पैशांत मोठी गंमत. किंमत सांगितली की विचारायचं, एनसी की आयसी? नेपाळी की भारतीय. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. शंभराच्या नोटा जवळ ठेवा. २०२४ पासून क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण ते शहरात, गावात रोखच. विमानानं येणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, आधारवर बसवत नाहीत. आणि घड्याळ पाव तास पुढे. तुमच्या तिघांपैकी एखादं तसं चालत असेल तर तेच घेऊन या.

सह्यवेडा:

बाई, काम संपल्यावर हिमालय बघायचाच असेल तर मार्चअखेर लांगटांगचा ट्रेक करा, पण गुडघा बघून. लांगटांग गाव ३४३० मीटरवर, क्यांजिन गोम्पा ३८७०. तीन हजाराच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. डोकं दुखत असेल तर वर चढायचं नाही, वाढलं तर सरळ खाली उतरायचं. 'डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेतलीय, काही होत नाही' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाइड सक्तीचा केलाय. तुम्ही तसाही घ्या, एकट्यानं जाण्यात मर्दुमकी नाही. परवान्यात सार्क देशवाल्यांना, म्हणजे आपल्यालाही, सवलत असते, विचारून घ्या. जुनं लांगटांग गाव २०१५ ला हिमकड्याखाली गेलं, आत्ताचं त्याच्या शेजारी नव्यानं उभं राहिलंय. तिथून चालताना गाइड बोलायचा थांबतो. तुम्हीही थांबा.

तिरकस:

बाई, अक्कलकुव्याचं माहीत नव्हतं. शब्द मागे. तानसेनला पितळी करुवा मिळतो, चोच असलेला तांब्या. आणा एक.

खडूफळा:

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, कारण मधे बऱ्याच गोष्टी झाल्या.

बुटवलकरांनी पाल्प्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांशी फोन जुळवून दिला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'अपूर्णांक कसे शिकवता?' मी फोनवरच भाकरीचे तुकडे करायला लागले, ते म्हणाले, आमच्याकडे सेलरोटी आहे, गोल आणि मधे भोक, त्याचं काय करणार? पाऊण तास बोलत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागितली ती चारित्र्य पडताळणी आणि निवृत्तीच्या आदेशाची प्रत. पत्र आलंय, पालिकेचा शिक्का आहे. छठनंतर तीन महिने, त्यांच्या दोन शिक्षकांबरोबर. सहावीचं पुस्तक उतरवून छापून घेतलं. मुलगा काही बोलत नाही, पण गुडघ्याचा पट्टा त्यानेच मागवला.

शंभराच्या नोटा मागायला बँकेत गेले तर कॅशियर म्हणाला, बाई, घरी लग्न आहे का? माझाच विद्यार्थी, २००६ ची बॅच. मोजून दिल्या, दोनदा मोजल्या.

विमान नको वाटतं, कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूरपर्यंत जायचा विचार आहे. कल्याणहून बसेन. आता शेवटचा प्रश्न: गोरखपूरला उतरल्यावर सीमेवरच्या सुनौलीपर्यंत एकट्या बाईमाणसानं बस धरावी की शेअर जीप? सामानात एक पेटी आहे, तिच्यात मणी आणि काड्या, एकक-दशक शिकवायला. वजन अकरा किलो. कोणी अलीकडे गेलं असेल तर कृपया सांगा.