मदत हवी आहे: साखरेच्या नव्या गोळीने बाबांची अन्नावरची वासनाच उडाली

रानजाई:
डॉक्टरांनी नवी गोळी दिल्यापासून बाबा जेवणाकडे बघत नाहीत. परवा पुरणपोळी केली, वर तुपाची धार, तर अर्ध्यावर ताट सरकवून पेपर वाचत बसले! वजनही उतरतंय. भाऊ म्हणतो, ही गोळी मेंदूवर काम करते. साखरेच्या गोळीचा मेंदूशी काय संबंध? बंद करू का? लवकर सांगा.

खडीसाखर:
गोळीचं नाव? डोस? सोबत आणखी काय चालू आहे? वय?

अण्णा_मेथीवाले:
ताई, मेंदूबिंदू काही नाही, पित्त झालंय. गोळी आजच बंद करा. रात्री भिजवलेल्या मेथ्या सकाळी चावून खायच्या. आमच्या हिची साखर त्यावरच आटोक्यात आली.

खडीसाखर:
अण्णा, नाव कळायच्या आधीच बंद करायला सांगताय?

रानजाई:
रायबेल्सस. आधी ३ ची, आता ७ ची. उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर, मग अर्धा तास चहासुद्धा नाही. वय ६८. आता सांगा.

पेशीपुराण:
भाऊ बरोबर बोलतोय. हे सेमाग्लुटाइड. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ हार्मोन सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि मेंदूला पोट भरल्याची वर्दी देतं. आपलं स्वतःचं काही मिनिटांत विरतं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच नक्कल, ती आठवडाभराने कुठे निम्मी होते. मेंदूच्या बुडाशी एरिया पोस्ट्रेमा म्हणून जागा आहे, तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा विरळ, त्यामुळे औषध आत पोचतं. हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या भुकेच्या केंद्रातही भूक भागवणाऱ्या पेशी चेततात, भूक लावणाऱ्या दबतात.

वडापाव_विद्रोही:
एवढं पुराण कशाला? जठर उशिरा रिकामं होतं म्हणून पोट गच्च वाटतं. संपलं.

पेशीपुराण:
जठर मंदावतं, पण तो परिणाम पुढे बराच ओसरतो आणि वजन तरीही उतरत राहतं. याच जातीचं लिराग्लुटाइड उंदरांना देऊन पाहिलंय. मेंदू आणि चेतासंस्थेतले जीएलपी-१ रिसेप्टर, म्हणजे हे हार्मोन जिथे चिकटतं त्या जागा, काढून टाकलेल्या उंदरांची साखर सुधारली, वजन मात्र हललं नाही. आता बोला.

लगीनघाई:
मला मधुमेह नाही, पण डिसेंबरात लग्न आहे. वजन उतरवणारं मौंजारो इंजेक्शन घेतलं तर शालूत मावेन का?

पेशीपुराण:
डॉक्टरांना विचारा. आणि सोडल्यावरचं काय? सेमाग्लुटाइडच्या स्टेप-१ चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं.

खडीसाखर:
शालूचा वेगळा धागा काढा. रानजाई, सोबत काय चालू आहे ते राहिलंच.

रानजाई:
साखरेचीच जुनी गोळी, ग्लिमेपिराइड, नाश्त्याआधी. ती वर्षानुवर्षं घेतात, तिचा काय संबंध? अकराच्या सुमारास घाम फुटतो, हात थरथरतात, पण उकाडाच केवढा आहे.

खडीसाखर:
अहो, हे आधी सांगायचं ना! ग्लिमेपिराइड माणूस जेवलाय की नाही ते बघत नाही, इन्सुलिन सोडायला लावतेच. जेवण निम्म्यावर आलं तर साखर पडणारच. घाम फुटला की लगेच ग्लुकोमीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आणि आजच डॉक्टरांना फोन करून ग्लिमेपिराइडचा डोस कमी करायचा का ते विचारा. मनाने काही बंद करू नका.

रानजाई:
आत्ता ६२ आली. साखरपाणी दिलंय. डॉक्टरांनी संध्याकाळी बोलावलंय.

अण्णा_मेथीवाले:
मधुमेह्याला साखर पाजताय? धन्य आहे.