जेडबर्गच्या तीन शाळांची एक शाळा झाली, गावाचं काय?

जेडकाठची
स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ जेडबर्ग हे चारेक हजार वस्तीचं गाव आहे. मी इथेच राहते. २०२० मध्ये हाऊडनबर्न आणि पार्कसाइड या इथल्या दोन प्राथमिक शाळा आणि जुनं ग्रामर स्कूल, म्हणजे माध्यमिक शाळा, अशा तिन्ही जागा सोडून हार्टरिग पार्कवर एकच संकुल सुरू झालं. तीन वर्षांच्या पोरापासून अठरा वर्षांच्या मुलापर्यंत सगळे एका छपराखाली. खर्च सुमारे ३.२ कोटी पौंड. इमारत देखणी आहे, वर्गांत उजेड आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वस्तीतून शाळा उठण्याबद्दल. हाऊडनबर्न ही चढावरची वस्ती. तिथल्या आयांना शाळा हाकेच्या अंतरावर होती. आता नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारून येतं, आडवा पाऊस असतो, आणि एका हाताने बाबागाडी ढकलत, दुसऱ्या हातात पाच वर्षांच्या मुलाचा हात धरून चढ चढणारी बाई मला रोज दिसते. कायद्याने शाळेची मोफत बस मिळते ती आठ वर्षांखालच्या मुलांना दोन मैलांपुढे आणि मोठ्यांना तीन मैलांपुढे. आमच्या गावात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मैल भरत नाहीत. म्हणजे कागदावर कुणाचीच गैरसोय नाही!

गावाचा मधला भाग आधीच खचलेला. हाय स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक इमारत कित्येक वर्षं परांच्यांमध्ये अडकून होती. अशा गावात मुलांची रोजची ये-जा हाच बाजाराचा जीव असतो. शाळा बांधायची तर त्याच आराखड्यात बाजारपेठ, पायवाटा आणि रिकाम्या होणाऱ्या इमारती यांचाही निकाल लागला पाहिजे.

सांख्यिक
पूर्ण असहमत. तुम्ही तुलना करताय ती "तीन शाळा तशाच राहिल्या असत्या" या कल्पनेशी. तो पर्याय टिकणारा होता असं मला वाटत नाही. चार हजारांच्या गावात माध्यमिक शाळा टिकवणं हीच कठीण गोष्ट आहे. पट घटला की विषय कमी होतात, विषय कमी झाले की पालक मुलांना बाहेर नेतात. मग एक दिवस केल्सो किंवा हॉइकची बस, दहा-बारा मैल, रोज, कायमची. प्राथमिक आणि माध्यमिक एकत्र आणल्यामुळे जेडबर्गची मुलं बारावीच्या वयापर्यंत जेडबर्गात शिकतात. मला तरी ही गावाची जीत वाटते. शिवाय जुन्या इमारतींचे गळके छत आणि हीटिंगची बिलं कोण भरणार?

ट्वीडकाठ
नवी म्हणजे चांगली, हे मात्र गृहीत धरू नका. जानेवारी २०१६ च्या वादळात एडिनबरोत ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेची भिंत कोसळली. ती शाळा २००५ ची होती, शंभर वर्षं जुनी नव्हे. पहाटेची वेळ म्हणून मुलं वाचली. नंतर त्याच बांधकाम करारातल्या १७ शाळा तपासणीसाठी बंद ठेवाव्या लागल्या.

सांख्यिक
ते बांधकामावरच्या देखरेखीचं अपयश होतं. त्यावरून संकुलाची कल्पनाच चुकीची कशी ठरते?

पाटीपुस्तक
मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्याकडे २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणून समूह शाळा करायचं निघालं, पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं उदाहरण दाखवलं गेलं. तेव्हाही हेच ऐकलं: सुविधा, खेळ, जास्त शिक्षक. सुविधा खऱ्याच असतात हो. पण अंतर वाढलं की पहिली घरी बसते ती मुलगी. जेडबर्गात मुली शाळा सोडणार नाहीत, हे मान्य. तरी अंतराचा भार गाडी नसलेल्या घरावरच पडतो, हे दोन्हीकडे सारखं आहे आणि तो भार हिशेबात कुठेच धरत नाहीत.

सांख्यिक
पाटीपुस्तकताई, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण तिथली प्रक्रिया वेगळी. २०१० च्या कायद्याप्रमाणे स्कॉटलंडमध्ये शाळा बंद करायची तर किमान सहा आठवडे जाहीर सल्लामसलत, त्यात शाळेचे ३० दिवस यायलाच हवेत. सार्वजनिक सभा घ्यावी लागते, शिक्षण निरीक्षकांचा अहवाल लागतो, आणि काउन्सिलने, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक प्रशासनाने, ठरवल्यावरही सरकार आठ आठवड्यांत प्रकरण स्वतःकडे मागवू शकतं. लोकांना बोलायची संधी नव्हती असं म्हणता येत नाही.

जेडकाठची
बोलायची संधी होती, पण कशावर बोलायची? प्रस्ताव पुढ्यात येतो तेव्हा जागा, आकार, पैसा यांचा सांगाडा तयार असतो. आणि कायद्यातली खरी ढाल आमच्यापर्यंत पोचतच नाही. ग्रामीण शाळा शक्यतो बंद करू नये, आधी सगळे पर्याय तपासावेत, वस्तीवर आणि प्रवासावर काय परिणाम होईल ते बघावं, अशी तरतूद आहे. पण ग्रामीण म्हणजे साधारण तीन हजारांच्या आतली वस्ती. जेडबर्ग त्याच्या वर. आम्ही खेडं नाही म्हणून ढाल नाही, आणि शहर नाही म्हणून बस नाही. रेल्वेची प्रवासी गाडी तर १९४८ च्या पुरानंतर बंद झाली ती झालीच. माझी मागणी सोपी आहे: ही तरतूद दहा हजारांपर्यंतच्या गावांना लावा.

ट्वीडकाठ
यालाच माझा पाठिंबा. २०१० मध्ये अर्गाइल आणि ब्यूटच्या काउन्सिलने एकदम २६ ग्रामीण शाळा बंद करायचं काढलं होतं. पालकांनी त्यांचे आकडे एकेक करून तपासले आणि काउन्सिलला प्रस्ताव मागे घ्यावा लागला. पालकांच्या हातात कायद्याचा आधार होता म्हणून ते उभे राहू शकले.

सांख्यिक
आणि त्याच आधाराने प्रत्येक लहान गावात नव्या शाळेचं काम पाच-सात वर्षं लांबलं तर? तोवर पट आणखी घटेल, निधी दुसऱ्या गावाला जाईल. पायवाटा, दिवे, हाऊडनबर्नच्या मुलांसाठी बस हे सगळं काउन्सिलकडे आजच मागा, मी पहिली सही करतो. कायदा बदलून बांधकाम अडवायला मात्र माझा विरोधच राहील.

जेडकाठची
सही घेतेच. पण रिकाम्या इमारतींची अट त्या अर्जात पहिली राहील: नवी जागा ठरायच्या आधी जुन्या जागेचा वापर ठरलेला हवा.