तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात विलगीकरण कक्ष कसा उभारावा?

प्रश्न : वैद्यकीय अधिकारी, यवतमाळ जिल्हा
निपाह किंवा क्रायमियन-काँगो ताप या माणसाकडून माणसाला होऊ शकणाऱ्या जीवघेण्या विषाणुजन्य आजारांचा संशयित रुग्ण आमच्याकडे आला, तर त्याला मोठ्या रुग्णालयात हलवेपर्यंतचे काही तास कोणाला बाधा न होता त्याची शुश्रूषा करता यावी, अशी तयारी मला करायची आहे. त्यासाठी एका दाराची आणि दोन खिडक्यांची खोली मिळाली असून एका खिडकीत कूलर आहे. पीपीई किट आहेत, परंतु ऋण दाबाची यंत्रणा (खोलीतला हवेचा दाब कमी ठेवून आतली हवा दारातून बाहेर येऊ न देणारी) परवडणारी नाही. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : निवृत्त अधिपरिचारिका, वर्धा
डॉक्टर, सुरुवात खोलीपासून नको, केसपेपरच्या खिडकीपासून करा. २०१८ साली केरळमधील पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात निपाहच्या पहिल्या रुग्णाची सेवा करणाऱ्या परिचारिका लिनी मृत्युमुखी पडल्या. त्यांना बाधा झाली तेव्हा रोगाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. २०११ मध्ये गुजरातेत काँगो तापाने रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका दोघेही गेले. म्हणून तापाचा रुग्ण दिसताच कुठून आला, घरी आणखी कोणी आजारी आहे का, गुरांच्या गोचिडांशी संबंध आला का, हे तिथेच विचारावे आणि संशय वाटल्यास त्याला व्हरांड्यात न बसवता मास्क देऊन थेट खोलीत न्यावे.

किट घालणे सोपे आहे. जीव धोक्यात येतो तो काढताना. आम्ही हातमोज्यांना ओला गुलाल चोपडून सराव केला, तेव्हा किट उतरवल्यावर एका सिस्टरच्या कानामागे आणि मानेवर गुलाल निघाला. त्या दिवसापासून एकीने पायऱ्या मोठ्याने वाचायच्या आणि दुसरीने त्याच क्रमाने किट उतरवायचे, असा नियम केला. सफाई कामगारांनाही या सरावात घ्या. रक्ताने भिजलेल्या चादरी शेवटी तेच उचलतात.

उत्तर : रुग्णालय देखभाल अभियंता, चंद्रपूर
त्या कूलरचा विचार आधी करा. तो बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे दुसरी खिडकी बंद असली की खोलीतली हवा दाराच्या फटीतून थेट बोळात येते. मे महिन्यात किट घातलेल्या माणसाला कूलरशिवाय उभे राहवणार नाही, हे मान्य आहे. परंतु या खोलीतला कूलर काढून समोरच्या खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा, तो माणसांच्या वावराकडे उघडणार नाही असे पाहावे आणि पाळी तासाभराची ठेवावी. दाराशी उदबत्ती धरून धूर आत ओढला जातो का, हे रोज तपासता येते.

उत्तर : औषधनिर्माण अधिकारी, गडचिरोली
निर्जंतुकीकरणासाठी लागणारी ब्लीचिंग पावडर उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नये, कारण उष्णतेने तिच्यातील क्लोरीन उडून जाते. सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर लिटरला १५ ग्रॅम घातली की ०.५ टक्क्याचे द्रावण होते. ते रोज सकाळी नव्याने करावे आणि बादलीवर तारीख लिहावी.

प्रश्नकर्ता
सिस्टर, गुलालाचा सराव या सोमवारी दोन्ही पाळ्यांसाठी ठेवला आहे. अभियंता साहेब, आमची दुसरी खिडकी नातेवाईकांच्या बाकाकडे उघडते. पंखा लावण्याआधी तो बाक हलवतो.