मदत हवी आहे: सोलापुरात आसरा चौक ते विद्यापीठ, शेअर रिक्षा बरी का बस?

नमस्कार मंडळी, लहान बहिणीला विद्यापीठात ॲडमिशन मिळालंय, आम्ही आसरा चौकाजवळ राहतो आणि विद्यापीठ पार केगावला, म्हणजे गावाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला. शेअर रिक्षा सात रस्ता चौकापर्यंत पटकन मिळते पण पुढं परत बदलायची, आणि सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही ओ, परमिट 3 जणांचं असतं तरी ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर चौथा-पाचवा बसवतात, पोरीला बाहेरचा दांडा धरून बसावं लागतं, ते मला अजिबात पटत नाही. सिटी बस त्यापेक्षा सेफ वाटते पण टायमिंगचा अंदाज येत नाही.

एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तर स्टँडवरून मोहोळकडं जाणारी एसटी धरली तर ती विद्यापीठाच्या गेटला थांबते का? सगळ्याच थांबतात का ठराविक? विद्यार्थी पास कुठं काढायचा, कागदपत्रं काय लागतात? आणि संध्याकाळी परत येताना मुली कशानं येतात हे रोज जाणाऱ्यांनीच सांगा प्लीज, लेक्चर सोमवारपासून सुरू होतायत.