संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापकाने संशोधन प्रकल्पासाठी अर्थसाहाय्य कोठे मागावे?

करवीर_रसायन (प्रश्न)

मी कोल्हापूर शहरातील एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्राचा सहायक प्राध्यापक आहे. महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २(एफ) व १२(बी) यादीत, म्हणजे मान्यताप्राप्त व अनुदानास पात्र महाविद्यालयांत, त्याचा समावेश आहे. मला पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली आहे. मात्र आजवरचे काम बहुतांशी पदरमोड करून आणि बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेतील साहित्यावरच भागवावे लागले.

माझा विषय असा : हुपरी परिसरात चांदीच्या दागिन्यांना मुलामा देण्याची कामे छोट्या छोट्या जागांत चालतात. त्या सांडपाण्यातील तांबे व निकेल हे धातू, साखर कारखान्याच्या बॉयलरमधून निघणाऱ्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) राखेपासून तयार केलेल्या अधिशोषकाने, म्हणजे धातू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या पदार्थाने, वेगळे करता येतील का, हे मला तपासावयाचे आहे. प्रयोगशाळेत तयार केलेल्या धातूंच्या द्रावणांवर निष्कर्ष समाधानकारक आले आहेत. प्रत्यक्ष सांडपाण्यावरील काम अद्याप हाती घेतलेले नाही.

आमचे ज्येष्ठ सहकारी आयोगाच्या लघु संशोधन प्रकल्पांची आठवण सांगतात. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विज्ञान विषयांना पाच लाखांपर्यंत आणि मानव्यविद्यांना तीन लाखांपर्यंत रक्कम त्यातून मिळत असे व अर्जही फारसा किचकट नसे. तो मार्ग बंद झाल्यानंतर आमच्यासारख्यांनी कोणाचे दार ठोठवावे? मी तीन वर्षांसाठी २८ लाखांचे अंदाजपत्रक केले असून त्यातील १८ लाख धातूंचे प्रमाण मोजणाऱ्या अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटरसाठी, म्हणजेच एएएससाठी, धरले आहेत. हे योग्य आहे का? त्याच कारागिरांच्या अर्थव्यवहारांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या अर्थशास्त्राच्या एका सहकारी मॅडमना कोठे अर्ज करता येईल? आणि मंजुरीनंतर हिशेबाच्या अडचणी येऊ नयेत म्हणून प्राचार्यांशी आधी काय ठरवून घ्यावे?

निवृत्त_प्राध्यापक

सर, आपला विषय चांगला आहे, अंदाजपत्रक मात्र उलटे झाले आहे. उपकरणाला १८ लाख आणि माणसाला जवळजवळ काहीच नाही, असा प्रस्ताव तज्ज्ञ समितीसमोर आला की पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच : तीन वर्षांनंतर हे यंत्र कोण चालवणार? एएएस म्हटले की प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा, अॅसिटिलीनचे सिलिंडर, स्थिर वीजपुरवठा आणि देखभालीचा वार्षिक करार हे सर्व ओघाने आले, आणि प्रकल्प संपल्यावर यांपैकी कोणताही खर्च महाविद्यालय उचलत नाही. धूळ खात पडलेली अशी यंत्रे समितीच्या सदस्यांनी पुष्कळ पाहिलेली असतात.

आपल्याला तर ते यंत्र विकत घेण्याचे कारणच नाही. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणारे ‘सैफ’ हे प्रगत विश्लेषण उपकरणांचे केंद्र आहे आणि ते बाहेरच्या संशोधकांचे नमुने शुल्क घेऊन तपासून देते. जी चाचणी तेथे होत नसेल तिच्यासाठी ‘आय-स्टेम’ या राष्ट्रीय पोर्टलवर देशभरातील संस्थांची उपकरणे शोधता येतात. अंदाजपत्रकात ‘नमुना तपासणी शुल्क’ असा खर्चाचा स्वतंत्र शीर्ष ठेवावा, वर्षाकाठी किती नमुने लागतील हे लिहावे आणि केंद्राचे दरपत्रक सोबत जोडावे. असे अंदाजपत्रक वाचणाऱ्याला विश्वास देते.

पैसा मागावयाचा तो माणसासाठी. केंद्र सरकारच्या २०२३ च्या सुधारित दरांनुसार कनिष्ठ संशोधन छात्राला दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ छात्र म्हणून ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता वेगळा. या भत्त्यासाठी शहरांचे वर्ग केलेले आहेत आणि कोल्हापूर शहर ‘वाय’ वर्गात मोडते. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर या वर्गाचा दर २० टक्के झाला. म्हणजे पहिली दोन वर्षे दरमहा ४४,४०० आणि तिसऱ्या वर्षी ५०,४००. तीन वर्षांची बेरीज १६,७०,४०० रुपये होते. (आपले महाविद्यालय एखाद्या तालुक्याच्या गावी असते तर ‘झेड’ वर्गाच्या १० टक्क्यांनी हिशेब करावा लागला असता; अनेक प्रस्तावांत हा आकडा डोळे झाकून उतरवलेला दिसतो.) आता २८ लाखांत यंत्र आणि छात्र दोन्ही बसत नाहीत, हे आपल्याच लक्षात येईल. वर्गावरचे तास सांभाळणाऱ्या शिक्षकाला पूर्णवेळ छात्राशिवाय असा प्रकल्प रेटता येत नाही. आपल्याकडे नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याला बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती मिळत असेल, तर मात्र हा खर्च वाचतो आणि लहान प्रकल्पही पुरतो.

आता योजनांविषयी. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची, म्हणजे ‘सर्ब’ची, जागा आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे. त्याचा कायदा २०२३ चा असून तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आला. पाच वर्षांत ५०,००० कोटींचा अंदाज त्या वेळी जाहीर झाला होता आणि त्याचा मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे, तेव्हा त्या आकड्याने आपण हुरळून जाऊ नये. नव्याने रुजू झालेल्यांसाठी तेथे पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे. तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत रक्कम मिळते, पण वयाची अट आहे आणि स्पर्धा आयआयटीतील तरुण प्राध्यापकांशी आहे. राज्य विद्यापीठांसाठी सर्बने ‘शुअर’ ही ३० लाखांपर्यंतची योजना काढली होती. नव्या रचनेत योजनांची नावे व अटी बदलत असल्याने जुन्या पीडीएफवर विसंबून न राहता खुली असलेली जाहिरातच वाचावी. ‘पेअर’ या योजनेकडे आपण वळूच नये, कारण ती संस्थांच्या गटांसाठी आहे, एकट्या शिक्षकासाठी नाही.

आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळची वाटते ती ‘टेअर’, म्हणजे शिक्षकांसाठीची सहयोगवृत्ती. सर्बने ती राज्य विद्यापीठे व महाविद्यालयांतील शिक्षकांसाठीच आखली होती : आपली नोकरी सांभाळून वर्षातील किमान ९० दिवस एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा आयआयटीसारख्या संस्थेत काम करावयाचे, वर्षाला ६०,००० रुपये मानधन आणि पाच लाखांचे संशोधन अनुदान, तेही यजमान व मूळ संस्थेत निम्मे-निम्मे. ही जाहिरात जेव्हा निघेल तेव्हा यजमान मार्गदर्शकाचे संमतिपत्र आपल्या हाती असले पाहिजे, म्हणून पत्रव्यवहार आताच सुरू करावा. दुसरा मार्ग राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचा. तंत्रज्ञान स्थानिक प्रश्नाला लावून दाखवणारे प्रकल्प त्यांना हवे असतात, आणि हुपरीचे सांडपाणी हा तसाच प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये नवनियुक्त आणि सेवेतील शिक्षकांसाठी प्रत्येकी दहा लाखांची दोन अनुदाने जाहीर केली होती. सेवेतील शिक्षकांच्या अनुदानात आधीचे प्रायोजित प्रकल्प विचारात घेतले जातात, त्यामुळे तो आपला पहिला अर्ज ठरू नये.

एक गोष्ट विज्ञानाची, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. चांदीच्या मुलाम्याच्या हौदात सायनाइडयुक्त द्रावण वापरण्याची पद्धत सर्वत्र आहे. सायनाइडच्या सान्निध्यात तांबे आणि निकेल साध्या धन आयनांच्या रूपात राहत नाहीत, त्यांचे ऋणभारित संयुग बनते. म्हणून शुद्ध द्रावणावरचे आपले आकडे प्रत्यक्ष सांडपाण्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. त्याहून गंभीर बाब अशी की, अधिशोषणासाठी आपण सामू आम्लधर्मी केला तर सायनाइडपासून विषारी वायू सुटतो. सांडपाण्याचा नमुना प्रयोगशाळेत आणण्यापूर्वी सायनाइडची चाचणी, अल्कली माध्यमात क्लोरीनची पूर्वप्रक्रिया आणि धूरकक्षाची सोय या तिन्ही गोष्टी प्रस्तावात लिहिल्याच पाहिजेत. धातू शोषून घेतलेल्या राखेचे पुढे काय करणार, हेही विचारले जाईल, कारण २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली ती येऊ शकते. अधिशोषणावरचे प्रस्ताव समित्यांकडे ढिगाने येतात आणि बहुतेकांचे घोडे येथेच पेंड खाते.

ताराराणी_चौक

मी अर्थशास्त्राची शिक्षिका असल्याने फक्त आपल्या सहकारी मॅडमविषयी लिहिते. त्यांनी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे, म्हणजे आयसीएसएसआरकडे, अर्ज करावा. ही परिषद १९६९ पासून कार्यरत असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात आहे. प्रकल्पांचे अर्ज मात्र दिल्लीच्या मुख्य कार्यालयाच्या जाहिरातीनुसार ऑनलाइन भरावे लागतात. लघु प्रकल्पाची मर्यादा सहा लाखांची आहे आणि त्याहून मोठ्या रकमेसाठी बृहत् प्रकल्पाची योजना आहे. पहिल्या वेळी लघु प्रकल्पच मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

परिषदेच्या तज्ज्ञांना नमुना निवडीची पद्धत नेमकी हवी असते. ‘हुपरीतील २०० कारागीर निवडले जातील’ एवढे वाक्य पुरत नाही. ते कोणत्या यादीतून, कोणत्या कामानुसार आणि कोणत्या गावांतून निवडणार, हे लिहावे लागते. अशा घरगुती उद्योगात ‘आपले मासिक उत्पन्न किती?’ या प्रश्नाला कोणीही खरे उत्तर देत नाही. त्याऐवजी किलोमागे मजुरी किती, गेल्या आठवड्यात किती माल हातावेगळा झाला, चांदी कोणाची आणि घट कोणाच्या माथी, असे प्रश्न प्रश्नावलीत ठेवले तर उत्पन्न आपोआप काढता येते. घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांची नोंद कोणत्याही यादीत नसते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी निवडपद्धत द्यावी. अशा तपशिलाची प्रश्नावली प्रस्तावाला जोडली की क्षेत्रकार्य करणारी व्यक्ती आणि टेबलाशी बसून लिहिणारी व्यक्ती यांतील फरक तज्ज्ञांना लगेच कळतो.

पदोन्नतीचा हिशेबही सांगून ठेवते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा लाखांहून अधिक रकमेच्या पूर्ण प्रकल्पाला १० गुण आणि त्याहून कमी रकमेच्या प्रकल्पाला ५ गुण आहेत, आणि संयुक्त प्रकल्पात प्रमुख व सहसंशोधक यांना ते निम्मे-निम्मे मिळतात. केवळ गुणांसाठी कोणी सहसंशोधक म्हणून नाव घालावयास सांगत असेल, तर हा हिशेब त्यांना आधीच दाखवावा.

लेखा_विभाग

मी एका महाविद्यालयाच्या लेखा विभागात काम करतो. मंजुरीचे पत्र आले की पेढे वाटले जातात, आणि पत्राच्या मागील पानावरच्या अटी पहिल्या उपयोगिता प्रमाणपत्राच्या वेळी वाचल्या जातात. कृपया तसे करू नये.

प्राचार्यांशी आधी ठरवावयाची पहिली बाब म्हणजे खाते. प्रकल्पाचा पैसा महाविद्यालयाच्या सर्वसाधारण खात्यात मिसळू नये. निधी देणारी संस्था सांगेल त्या पद्धतीने, बहुधा पीएफएमएसशी, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीशी, जोडलेल्या स्वतंत्र खात्यातूनच, व्यवहार व्हावेत. केंद्रीय अनुदानाच्या शिल्लक रकमेवर मिळालेले व्याज महाविद्यालयाचे नसते, ते परत करावे लागते, आणि यावरून दर मार्चला कुरबुर होते. उपयोगिता प्रमाणपत्र सर्वसाधारण वित्तीय नियमांच्या १२-ए नमुन्यात आर्थिक वर्षानुसार द्यावे लागते. सनदी लेखापालाची सही मार्चअखेरीस मिळणे दुरापास्त असते, म्हणून खर्चाची नोंदवही महिन्याच्या महिन्याला जुळवून घ्यावी.

दुसरी बाब शीर्षांची. प्रवासाचे उरलेले पैसे रसायनांवर खर्च करणे आपल्याला व्यवहार्य वाटेल, परंतु पूर्वमंजुरीशिवाय केलेला असा बदल लेखापरीक्षणात अमान्य होतो आणि ती रक्कम अखेर प्रमुख संशोधकाकडून वसूल होते. खरेदीची पद्धत, म्हणजे जेम हे सरकारी खरेदीचे पोर्टल की दरपत्रके, मंजुरीपत्रानुसारच ठरवावी. वैज्ञानिक उपकरणांवर पाच टक्के दराने जीएसटी आकारण्याची सवलत जुलै २०२२ मध्ये काढून घेतली गेली. तेव्हा जुने कोटेशन पाहून अंदाजपत्रक करू नये, चालू दराने करासह रक्कम धरावी. छात्राची नेमणूक जाहिरात व निवड समितीशिवाय करू नये, ओळखीचा विद्यार्थी कितीही हुशार असला तरी.

संस्थेला मिळणारा ओव्हरहेड हा वाटा वीज, इंटरनेट व कार्यालयीन खर्चासाठी असतो. तो कोणत्या कामाला वापरणार, हे प्राचार्य व संशोधक यांनी लेखी ठरवून घेतले तर पुढे कटुता येत नाही.

करवीर_रसायन

आपणा सर्वांचे आभार. सायनाइडचा मुद्दा माझ्या प्रस्तावात कोठेही नव्हता. आता पद्धतीचा भाग नव्याने लिहावा लागेल. एएएस अंदाजपत्रकातून काढून टाकत आहे. एक शंका उरते : राज्याच्या आयोगाकडे आणि केंद्रीय फाउंडेशनकडे हाच प्रस्ताव एकाच वेळी पाठवता येईल का?

निवृत्त_प्राध्यापक

तोच प्रस्ताव दोन्हीकडे पाठवू नये. हे काम अन्यत्र अर्थसाहाय्यासाठी सादर केलेले नाही, असे प्रतिज्ञापत्र अर्जासोबत बहुधा द्यावे लागते आणि त्यावर प्राचार्यांचीही सही असते. कामाची खरोखरच विभागणी होत असेल, तर गोष्ट वेगळी. राखेच्या पृष्ठभागाची रचना आणि संयुगरूपातील धातूंचे अधिशोषण हा मूलभूत भाग केंद्राकडे मागता येईल. हुपरीतील एखाद्या कामाच्या ठिकाणी बसवता येईल असा छोटा शुद्धीकरण संच हा भाग राज्याच्या आयोगाकडे. दोन्ही अर्जांत दुसऱ्याचा स्पष्ट उल्लेख करावा आणि एकही खर्च दोन्हीकडे दाखवू नये. मात्र त्याआधी दोन-तीन ठिकाणच्या मालकांची लेखी संमती घेऊन सांडपाण्याचे नमुने तपासून घ्यावेत. त्या तपासणीचे शुल्क सध्या आपल्यालाच भरावे लागेल. पण सायनाइड व धातूंचे प्रत्यक्ष प्रमाण दाखवणारा तो तक्ता दोन्ही अर्जांत पहिल्या पानावर येईल.