मालिकेत काम करणारी आपली माणसं : अनुभव सांगा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावची एक पोरगी यंदा बारावी झाली. भुलाबाईच्या गाण्यांत पुढे, गॅदरिंगच्या नाटकात पुढे, आवाज असा की मागच्या रांगेपर्यंत पोचतो. परवा तिचा फोन आला, "ताई, मी मुंबईले जाऊ का? सिरियलमधी काम भेटते का?" मी एका रोजच्या मालिकेत १४ महिने नणंदेचं काम केलंय, म्हणून तिनं मला विचारलं. मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. तिच्या घरची चार एकर कोरडवाहू आहे. मुंबईतल्या खोलीचं डिपॉझिट त्यातूनच निघायचं.

म्हणून हा धागा काढते आहे. विदर्भातल्या खेड्यातून जाऊन ज्यांनी मालिकेत काम केलं, किंवा ज्यांच्या घरचं कुणी तिथं आहे, त्यांनी लिहा. स्वतःचं नाव नको, ज्या मालिकेत काम केलं तिचंही नको. पैसे, राहणं, बोली, काम थांबल्यानंतरचे दिवस, जे घडलं ते लिहा. सुरुवात मी करते.

पुलगावहून सेवाग्राम एक्स्प्रेसनं गेले, तेव्हा ओळखीचं म्हणून एकच घर होतं, तेही डोंबिवलीला. सात महिने वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशन देत फिरले. "मी येऊन राहिली" असं तोंडून निघालं की समोरचा थांबवायचा. मग रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचायला लागले. घरी फोनवर आईशीसुद्धा शुद्ध बोलायचे. आई एकदा म्हणाली, "तू माह्याशी पाहुणीसारखी काऊन बोलतं?" त्या रात्री फोन ठेवला आणि खूप रडले.

काम मिळालं ते घोडबंदर रोडच्या एका स्टुडिओत. बारा तासांची शिफ्ट, आणि घरून सेटवर पोचायचे दोन तास वेगळे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती सोडून साधारण २२ मिनिटं उरतात, आणि आठवड्याचे सहा दिवस रोज तेवढं नवं दाखवावं लागतं. त्यामुळे सीनचा कागद मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर हातात यायचा. समोरची नटी दुसऱ्या सीनमध्ये अडकली, तर सहायकानं वाचलेल्या वाक्यांवर डोळे भरून आणायचे. हे जमायला लागलं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

आता पैशाचं, कारण त्या पोरीसाठी तेच महत्त्वाचं आहे. मानधन दिवसावर ठरतं. नणंदेला महिन्यात कधी १८ दिवस मिळायचे, कधी सहा. ज्या महिन्यात काम केलं त्याचा पैसा ९० दिवसांनी येणार, त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जाणार. म्हणजे मालिकेत तोंड दिसायला लागलं, गावात पेढे वाटले गेले, आणि त्याच तीन महिन्यांत बाबांनी घरची तूर विकून मला भाडं पाठवलं. गावातल्या कुणाला हे खरं वाटलं नसतं.

दर गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे आणि सेटवरचा आवाज खाली बसायचा. एका गुरुवारनंतर माझ्या पात्राचं लग्न लावून तिला अमेरिकेला पाठवलं. मला फोनवर कळलं. गावी गेले तर बाया विचारत, "वापस कधी येतं मग अमेरिकेतून?" चार महिने मी म्हणत होते, येईन.

वडशाकडचा

मी झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातला नट. आमच्या भागात दिवाळी झाली की मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि उजाडायला आलं तरी माणसं हलत नाहीत. धान निघालेलं असतं, घरोघरी पाहुणे असतात, नाटकाच्या निमित्तानं सोयरिकी जुळतात. मी अशा मांडवात लहानाचा मोठा झालो.

मला एका मालिकेत इन्स्पेक्टरचं काम मिळालं, नऊ दिवसांचं. भर सीझन सोडून गेलो. कंपनीच्या मालकानं अडवलं नाही, पण माझ्या जागी दुसरा उभा करायला त्याला किती धावपळ झाली ते मी जाणतो. पहिल्याच टेकला साउंडवाल्यानं हात वर केला. म्हणाला, "दादा, माइक तुमच्या छातीवर आहे, इतक्या जोरात नको." वीस वर्षं मी शेवटच्या माणसासाठी बोललो होतो. तिथं शेवटचा माणूस कॅमेरा, तोही हाताच्या अंतरावर. दोन दिवस माझे हातच कुठं ठेवायचे ते समजेना. तिसऱ्या दिवशी एका वयस्क नटानं सांगितलं, "तुम्ही ऐका. समोरचा बोलतोय ते नीट ऐका, चेहरा आपोआप काम करेल." याच्याइतकी कामाची गोष्ट मला कुठल्या शिबिरात मिळाली नव्हती.

२०२३ साली आमच्या गडचिरोलीच्या, झाडीपट्टीचेच नट असलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तो त्याच नऊ दिवसांतला आठवडा. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना सांगत सुटलो. झाडीपट्टी म्हणजे काय ते तिथं कुणालाच माहीत नव्हतं. मी जेवलो नाही, पण सांगितलं सगळं.

परत आलो तर माझ्या नावामागं पोस्टरवर 'टीव्ही स्टार' लागलं आणि नाइटचे, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचे, पैसे वाढले. नऊ दिवसांच्या चार वाक्यांनी जे दिलं ते वीस वर्षांच्या नाटकांनी दिलं नव्हतं. मला त्याचा आनंद झाला आणि वाईटही वाटलं.

दर्यापूर तालुका (आजी सांगते, नातू टाइप करतो)

माही लेक सिरियलमधी वाईट बाईचं काम करे. सासूले छळणारी. आठ वाजता आमच्याकडं लाइन जाये, म्हून दुसऱ्या दिवशी दुपारी पाहो. बाजारात बाया मले म्हणत, "तुही पोरगी लय वंगाळ वागते बाप्पा सासूसंग." मी सांगो का बाई, थे नाटक हाय, घरी तर माही पोर मुंगीले मारत नाई. आयकून घेत, पण मनातून जाये नाई त्यायच्या. दोन ठिकाणची सोयरीक त्याच्यापायी मोडली. पोरगी फोनवर म्हणे, "आई, जेवढा लोकायले राग येते तेवढं माहं काम चांगलं." मले थे समजे, पण कापूस वेचताना कोनी बोललं का हात थांबून जाये. आता तिचं लगन झालं. जावई तिचा सीन आला का आवाज वाढवते. चांगला हाय बिचारा.

निवृत्त शिक्षक, यवतमाळ जिल्हा

राज्य नाट्य स्पर्धेत आयुष्यभर कामं केली. निवृत्तीनंतर मालिकेत आजोबा झालो. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं आणि मी गावी आलो. मे महिन्याच्या अखेरीस सरकारनं चित्रीकरणाला परवानगी दिली, पण ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई होती. माझं वय ६७. तो हंगाम ज्यांनी भोगला त्यांना आठवेल : खरेदी रखडलेली, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग. मी भावाच्या ट्रॅक्टरवर रांगेत बसलो होतो. तिथंच युनिटचा फोन आला, "सर, आजोबांना काशीला पाठवतोय." मागच्या गाडीवाल्यानं मला ओळखलं आणि विचारलं, आजोबा, शूटिंग कधी सुरू होते? मी म्हटलं, कापूस मोजून झाला की.

ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती मनाई रद्द केली. तोवर आजोबांशिवाय गोष्ट बरीच पुढे गेली होती, मला परत बोलावलं नाही. मला पेन्शन होती, मी तरलो. आमच्या सेटवरचा चहा देणारा मुलगा वाशीमकडचा, तो रोजीवर होता. त्याला अधूनमधून थोडे पैसे पाठवत होतो. त्या मुलीनं मुंबईला जरूर जावं, पण हाताशी दुसरं काहीतरी ठेवून. बी.ए. पूर्ण करावं, टायपिंग शिकावं, काहीही. पोटाची सोय असली की नट वाईट कामाला नाही म्हणू शकतो.

कारंजा लाड

बोलीबद्दल लिहायचं आहे. मालिकेतलं खेडं म्हणजे बहुतेक वेळा कोल्हापूर-सातारा. २०१६ मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली आणि नागपूरकडची राधिका घराघरात गेली. ती भूमिका करणाऱ्या अनिता दाते नाशिकच्या, तरी आमच्या घरी सगळ्यांनी तिला आपली मानली. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे आपल्या वऱ्हाडीत बोलायला लागले की माझे वडील जेवण सोडून टीव्हीसमोर येत. आपली भाषा टीव्हीवर ऐकली की काय होतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

नंतर मला एका मालिकेत वऱ्हाडी मोलकरणीचं काम मिळालं. (मोलकरीणच का, हे मी तेव्हाही विचारलं होतं.) कागदावर वाक्य होतं, "मालक रानात गेल्यात." मी म्हटलं, आमच्याकडं रान म्हणजे जंगल, शेताला आम्ही वावर म्हणतो, आणि 'गेल्यात' तर आम्ही म्हणतच नाही. उत्तर आलं, लोकांना समजणार नाही. मी हट्ट सोडला नाही. दिग्दर्शक भले होते, म्हणाले, एकदा तुझ्यासारखं बोल. मी म्हटलं, "मालक वावरात गेले ना बाप्पा." तेच ठेवलं. त्या मालिकेत माझे ११ सीन आले, त्यातलं हे एक वाक्य माझ्या आईनं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलंय.

मेहकरकडून

मी सध्या ऑडिशन देणाऱ्यांपैकी आहे, अजून मोठं काम नाही. आर्वीच्या ताईला तिथल्या पोरीसाठी एवढंच सांगतो : आता पहिल्याच दिवशी मुंबईला जायची गरज नाही. बऱ्याच ऑडिशन मोबाइलवर रेकॉर्ड करून मागतात. फोन आडवा धरायचा, डोळ्यांच्या उंचीवर, मागं साधी भिंत, उजेड तोंडावर. आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर सकाळी आठला चांगला उजेड येतो, मी तिथंच उभा राहतो. व्हिडिओ पाठवायला मात्र टेकडीवर जावं लागतं, घरी रेंज नसते.

आणि कुणी ऑडिशनसाठी, कलाकार संघटनेच्या कार्डासाठी किंवा 'रोल पक्का' करण्यासाठी पैसे मागितले तर एक रुपया द्यायचा नाही. माझे २५,००० असेच गेले, सोयाबीनचे. मागणारा फोनवर फार गोड बोलत होता, मालिकेतल्या सगळ्यांची नावं त्याला पाठ होती. बाबांना दोन वर्षं सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात वखरणी करताना सांगितलं. ते म्हणाले, "मंग आता खरं ऑडिशन कधी आहे?" शुक्रवारी आहे.