हरी रायाला (इथल्या ईदला) मलय शेजाऱ्यांकडे जायचंय, काय नेऊ?

मेघना: आम्ही नुकतेच क्वालालंपूरला आलोय. शेजारच्या मकचिकनी (मलय मावशींनी) हरी रायाला आग्रहाने बोलावलंय. रिकाम्या हाताने जाववत नाही. आणि इथला महिन्याचा खर्च कसा आटोक्यात ठेवता?

सुलभाताई: घरच्या चकल्या ने गं! चपला दाराबाहेर, खाणं उजव्या हाताने, काही दाखवायचं तर बोटाऐवजी अंगठ्याने. मुलांसाठी छोट्या पाकिटांत थोडे रिंगिट ठेव. रेंदांग (मसालेदार सुकं मटणासारखं कालवण) बहुतेक बीफचं असतं, खात नसशील तर आधीच सांग. बांबूत भाजलेला लेमांग मात्र जरूर खा. नारळाच्या दुधातला चिकट भात, वरून केळीच्या पानाचा वास!

निनाद: ५० रिंगिटचा मासिक प्रवास पास फक्त नागरिकांना मिळतो. घर ट्रेन स्टेशनजवळच बघा, भाजी पासार मालाममधून (रात्रीच्या बाजारातून) घ्या.

मेघना: ताई, आजच भाजणी दळते.